वापसा आणि पासवर्ड

नवा ट्रॅक्टर घेताना शोरूमवाले काय काय देतात! हार घालतात, नारळ फोडायला लावतात, घरच्या लक्ष्मीच्या हातात पुठ्ठ्याची दोन फुटी किल्ली देऊन फोटो काढतात, वर पेढ्यांचा बॉक्स. एवढं सगळं देतात आणि एक वस्तू गुपचूप ठेवून घेतात. यंत्राच्या पोटात जो संगणक बसवलाय, त्याच्या कुलपाची किल्ली. बिलावर तिचा उल्लेख नसतो. आपणही मागत नाही, कारण असं काही कुलूप आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं. ते कळतं ऐन मृगात.

माझं म्हणणं सरळ आहे. जी वस्तू मी पैसे मोजून, सातबाऱ्यावर बोजा चढवून विकत घेतली, ती उघडायचा, तिच्यातला बिघाड वाचायचा आणि मला पाहिजे त्या मिस्त्रीकडून ती दुरुस्त करून घ्यायचा हक्क माझा आहे. तो हक्क कंपनीनं स्वतःकडे ठेवला असेल, तर तिनं मला ट्रॅक्टर विकलेला नाही, बटईनं दिलाय. आणि बटईत निदान निम्मं-निम्मं तरी असतं.

शहरातल्या वाचकाला आधी वापसा सांगायला पाहिजे. आमच्या अहमदपूर भागात बालाघाटाचा माळ आहे, मुरमाड आहे आणि सखल अंगाला काळी जमीन आहे. काळी ओली असली की पायातली चप्पल काढून घेते, वाळली की तिला भेगा पडतात. या दोन्हींच्या मधे, पाऊस उघडल्यावर, दोन-तीन दिवस असे येतात की माती मुठीत धरली तर गोळा होतो आणि सोडली तर भुगा होतो. तो वापसा. पेरणी त्याच दिवसांत. वापसा कुणाची वाट बघत नाही, आणि तो पुन्हा कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. मधेच मोठा पाऊस आला तर आठवडा गेला. पाऊस गायबच झाला तर ओल गेली. तुमच्या ऑफिसातला प्रिंटर चार दिवस बंद पडला तर कागद चार दिवसांनी निघतात. आमचं सोयाबीन चार दिवसांनी निघत नाही, ते कधीकधी निघतच नाही.

आमच्या चुलतभावाचा नवा पन्नासच्या वरच्या हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर अशाच एका वापश्यात, बीबीएफ यंत्र मागं जोडलेलं असताना, रानात मधोमध अडला. अडला म्हणजे बंद पडला नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, आकडे आले आणि इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांच्या वर जाईना. घरी चालवत नेता येईल एवढीच ताकद त्यानं ठेवली. यंत्र ओढायची ताकद काढून घेतली.

अहमदपूरचा मिस्त्री आला. या माणसानं तीस वर्षं ट्रॅक्टरच्या पोटात हात घातलेत, नुसत्या आवाजावरून कुठला वॉल्व्ह बसतोय ते तो सांगतो. अर्ध्या तासात त्यानं रोग शोधला. ट्रॅक्टर उन्हाळाभर शेडमध्ये उभा होता, उंदरानं एका सेन्सरची वायर कुरतडली होती. त्यानं वायर जोडली, टेप गुंडाळली, तारेनं बांधून वर घेतली. रोग गेला. दिवा गेला नाही. बॅटरीची तार काढून लावून बघितली, चार वेळा बंद-चालू केलं. दिवा तसाच. मग तो बांधावर बसला आणि म्हणाला, “भाऊ, आजार कळलाय, अवषद बी केलंय. पर ह्यला आता सांगावं कोणं, का तू बरा झालास म्हनून?”

सांगणारा लॅपटॉप कंपनीच्या माणसाकडे असतो. फोन लावला. बाईंनी हिंदीत तक्रार-क्रमांक दिला आणि एक दाबा, दोन दाबा झालं. चौथ्या दिवशी पोरगा आला, मोटारसायकलवर, पाठीला बॅग. लॅपटॉप जोडला, पाच मिनिटांत कोड पुसला, दिवा विझला. येण्या-जाण्याचं आणि ‘डायग्नोस्टिक’चं बिल वेगळं. तोवर दुसऱ्या रात्रीच पाऊस कोसळून गेला होता आणि रानात पाय ठरत नव्हता. त्याआधीच्या एका दिवसात जेवढं जमलं तेवढं भावानं शेजारच्याचा पंचवीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर एकरी भाड्यानं आणून पेरलं. शेडमध्ये नवा ट्रॅक्टर, त्याचा हप्ता चालू, आणि रानात भाड्याचा जुना. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. एका नावानं लिहिलं तर बाकीच्या सुटल्यासारखं होईल.

त्या पोराला आम्ही चहा पाजला. आपल्याच भागातला, आयटीआय झालेला. भाऊ त्याच्यावर तापला तेव्हा तो हळूच म्हणाला, “काका, हे लॅपटॉप बी माझं नाही की ओ. सकाळी लॉगिन मागायचं, ओटीपी आलं तं चालतंय. त्यनी बंद केलं तं मी बी तुमच्यासारखाच.” म्हणजे कुलपाची किल्ली त्याच्याकडेही नव्हती. तो नुसता किल्लीवाल्याचा निरोप्या.

आता यातलं तंत्र थोडं समजून घेऊ, कारण न समजल्यामुळेच आपल्याला गप्प बसवता येतं. पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले. ते पाळायचे तर डिझेल किती, केव्हा, किती दाबानं फवारायचं हे जुन्या पंपाच्या हाती ठेवून भागत नाही, म्हणून कॉमन रेल इंजिन आलं आणि त्याच्यावर हुकूम चालवणारा संगणक आला. याला माझा विरोध नाही. धूर कमी झाला, थेंबाथेंबाचा हिशोब लागला, चांगलं झालं. पण या इंजिनाचा इंजेक्टर बदलला की त्याच्यावर कोरलेला नंबर संगणकात भरावा लागतो, कारण प्रत्येक इंजेक्टरची फवारायची ढब केसभर वेगळी असते. इंजेक्टर काढायला-बसवायला अहमदपूरचा मिस्त्री पुरेसा आहे. नंबर भरायला लॅपटॉप. कामातलं नव्वद टक्के हातानं होतं, आणि उरलेल्या दहा टक्क्यांवर कुलूप घातलं की सगळं काम कंपनीच्या दारात जातं. धुराच्या नियमानं संगणक आणला हे खरं. त्या संगणकाला पासवर्ड घालून मिस्त्रीला बाहेर उभं करा, असं त्या नियमानं सांगितलेलं नाही. ही कल्पना दुकानदारीची आहे.

जुनी माणसं लगेच बलुत्याच्या आठवणी काढतील. लोहार फाळ शेवटून द्यायचा, सुतार तिफण नीट करून द्यायचा आणि खळं झाल्यावर आपलं माप घेऊन जायचा. पेरणीआधी बिल नव्हतं, हे खरं. पण बलुत्याचे गोडवे मी गाणार नाही. त्या काळात कुलूप माणसाला होतं. लोहाराच्या पोरानं ऐरणच करायची, मांगाच्या पोरानं दोरच वळायचे, आणि माप घालणाऱ्याच्या मर्जीवर वर्ष काढायचं. ते कुलूप मोडलं, बरं झालं. त्यातल्याच कितीतरी घरांतली पोरं पुढं लातूर-नांदेड रस्त्याच्या कडेला गॅरेज टाकून बसली, मोटार-रिवाइंडिंग शिकली, वेल्डिंग शिकली. जातीच्या बाहेर, स्वतःच्या हाताच्या जोरावर मिळालेली ही भाकर. आणि आता नेमकी तीच भाकर या नव्या कुलपानं चाललीय. म्हणून मला हा प्रश्न नुसता ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याचा वाटत नाही. ट्रॅक्टरवाल्याचे चार दिवस जातात, मिस्त्रीचा धंदाच जातो.

या गॅरेजवाल्यांनी मराठवाडा चालवलाय, हे शहरातल्या माणसाला कळणार नाही. पाचशे-सहाशे फुटांवरून बोअरची मोटार वर काढायची, जळालेली तार उपसायची, नवी तांब्याची तार भरायची, संध्याकाळी मोटार परत खाली. रात्रीच्या कमी दाबाच्या लायटीनं या मोटारी जळतच असतात. रिवाइंडिंगवाला नसता तर अर्धी बागायत तेव्हाच बसली असती. पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप घ्या. त्यात बारा व्होल्टची साधी बॅटरी असते. ती गेली तर कुठल्याही दुकानातून कुठल्याही कंपनीची आणा, दोन पिना जोडा, चालू. बटन गेलं, छोटी मोटार गेली, नळी गेली, सगळं सुटं मिळतं, आणि बदलायला बारावीतलं पोरगं पुरतं. गरिबाचं यंत्र असं असावं. आता लिथियम बॅटरीची गवत कापायची यंत्रं आणि करवती येऊ लागल्यात. त्यांची बॅटरी ज्या त्या कंपनीच्या खाचेची, आत तिचं सर्किट. शेजारच्याकडची दुसऱ्या कंपनीची बॅटरी त्यात बसत नाही. उद्या फवारणीचा पंपही असाच झाला तर सोयाबीनवर अळी आलेली असताना बॅटरी कुरिअरनं मागवावी लागेल.

ट्रॅक्टरपेक्षाही मला भीती वाटते ती सोलारची. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आली तेव्हा आमच्या शिवारात आनंदच झाला. सर्वसाधारण शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के, बाकी सरकारी. अडीच एकरापर्यंत तीनचा पंप, पाचपर्यंत पाचचा, त्याच्या वर साडेसातचा. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, साप-विंचवातून मोटार चालू करायला जायचं संपलं, ही लहान गोष्ट नाही. ज्यानं रात्रीचं दारं धरलंय त्यालाच ती कळेल. तेव्हा योजना वाईट असं मी म्हणत नाही.

पण त्या खांबावर जी पेटी आहे तिचं बघा. तिला कंट्रोलर म्हणतात. पाट्यांवरून आलेली वीज मोटारीला झेपेल अशी करून देणं हे तिचं काम. तिच्यात सिमकार्ड असतं, पंप किती तास चालला ते वर कळतं. आणि तिच्या सेटिंगला पासवर्ड असतो. आमच्या एका शेजाऱ्याची मोटार गाळानं अडकली, पेटीनं काम थांबवलं, आकडा दाखवला. मोटार काढून साफ केली. पेटीतलं सेटिंग बघायला मात्र पासवर्ड, आणि पासवर्ड सांगायला कंपनीचा माणूस, आणि माणूस फोन उचलेना. हरभरा घाटे भरायला आलेला. शेवटी त्यानं डिझेल इंजिन आणून पाणी दिलं. वर सूर्य, खाली पाट्या, मधे डिझेल.

पुरवठादारानं पाच वर्षं देखभाल करायची असं योजनेत आहे. पाट्यांची उत्पादनहमी साधारण पंचवीस वर्षांची असते. मग मधली वीस वर्षं कुणाची? पाच वर्षांनी कंपनी या धंद्यात असेल का, तिचा लातूरचा माणूस असेल का, हे कुणी लिहून दिलेलं नाही. तेव्हा पेटी उघडायची पाळी रिवाइंडिंगवाल्यावरच येणार आहे, आणि तो पासवर्डाच्या बाहेर उभा असणार आहे. आणखी एक. वर्षातले कित्येक महिने पिकाला पाणी लागत नाही. तेव्हा त्या पाट्यांची वीज वाया जाते. त्याच विजेवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी चालावी म्हणून सर्वोपयोगी कंट्रोलर बसवता येतो, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतही त्याची सोय आहे. आमच्या शिवारात तसा एकही नाही. सूर्य आपल्या रानावर, पाट्या आपल्या रानावर, आणि त्या विजेनं काय चालवायचं ते ठरवणारी पेटी दुसऱ्याच्या हातातली.

लोक म्हणतात, हे सगळं जगभर असंच आहे, आपण कोण? जगभर आहे म्हणूनच जगभर भांडणही आहे. अमेरिकेत १९९८ साली डिजिटल कुलूप तोडणं बेकायदा ठरवणारा कायदा झाला, तो मुळात सिनेमा-गाण्यांच्या चोऱ्या थांबवायला. त्याच्या आडोशाला पुढं ट्रॅक्टरही जाऊन बसला. शेवटी २०१५ साली तिथल्या कॉपीराइटच्या कचेरीला ट्रॅक्टरदुरुस्तीसाठी सूट जाहीर करावी लागली. हजारो एकरवाले तिथले शेतकरी युक्रेनमधून आलेलं चोरटं सॉफ्टवेअर आपल्या ट्रॅक्टरमध्ये भरत होते, फक्त स्वतःच्या यंत्राचा बिघाड वाचता यावा म्हणून. २०२३ साली कोलोरॅडो राज्यानं शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. माहिती, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर कंपनीनं शेतकऱ्याला आणि स्वतंत्र मिस्त्रीला द्यायचं. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगानं जॉन डिअरवर खटला भरला. दुरुस्तीचं पूर्ण क्षमतेचं सॉफ्टवेअर फक्त अधिकृत डीलरलाच मिळतं, हा मुख्य आरोप. कंपनीला तो मान्य नाही. पण सरकार शेतकऱ्याच्या बाजूनं कोर्टात उभं राहिलं, एवढं तरी झालं.

२०२२ सालची युक्रेनमधली एक बातमी मला विसरता येत नाही. रशियन फौजेनं मेलिटोपोल शहरातल्या एका डीलरकडची शेतीयंत्रं लुटून थेट चेचन्यात नेली. तिथं ती चालू होईनात, कारण दुरूनच त्यांना कुलूप लावलेलं होतं. जग हसलं, टाळ्या वाजल्या. चोराची जिरली याचा मलाही आनंद झाला. पण शेकडो कोसांवर नेलेलं हार्वेस्टर कुणीतरी बसल्या जागेवरून थांबवू शकतं, तर ते चोराचंच थांबवेल, थकलेल्या हप्त्याचं किंवा बाहेरच्या मिस्त्रीनं उघडलेलं थांबवणार नाही, याची हमी कुणी दिलीय?

आपल्याकडं काहीच झालं नाही असं नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता. कारण काय, तर सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं या कंपन्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नव्हत्या. तक्रार एका साध्या ग्राहकाची होती. कंपन्या अपिलात गेल्या, ते सोडा; तत्त्व त्या निकालानं मांडून ठेवलंय. जे मोटारीला लागू, ते ट्रॅक्टरला का नको? २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिनं जी चार क्षेत्रं धरली त्यांत मोबाइल, घरगुती उपकरणं, मोटारी यांच्याबरोबर शेतीची यंत्रंही आहेत. त्याच डिसेंबरात पोर्टल निघालं. त्यावर कंपन्यांच्या सेवा-केंद्रांची माहिती, वॉरंटीच्या अटी असलं मिळतं. पत्ता मिळतो, किल्ली मिळत नाही. कायदा तर अजून नाहीच.

आणि एक भीती काढून टाका. शोरूममध्ये सांगतात की सॉफ्टवेअरला हात लावला तर गुन्हा होतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम घातलं गेलं, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे हे खरं. पण ती हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप तोडणाऱ्याला. कंपनीचा प्रोग्रॅम चोरून विकायचाय कुणाला? आपल्याला आपला दिवा विझवायचाय.

मिस्त्रीला किल्ली दिली तर तो धुराचं यंत्र बंद पाडील, वेग वाढवील, अपघात होतील, असंही सांगतात. करणारा करील, त्याला पकडायला कायदा आहे, आरटीओ आहे. सुरीनं खून होतो म्हणून गावातल्या बायांनी भाजी चिरायला तालुक्याला जायचं का? बिघाडाचा कोड वाचणं, तो पुसणं, बदललेल्या भागाचा नंबर भरणं, यात धुराचा काडीचा संबंध नाही. कोडांची यादी मराठीत छापून माहिती-पुस्तिकेला जोडायला कंपनीला किती खर्च येईल? दहा पानं.

तेव्हा मी अलीकडं कुणी ट्रॅक्टर घ्यायला निघालं की बरोबर जातो आणि हॉर्सपॉवर, हायड्रॉलिक, सूट हे सगळं विचारून झाल्यावर विचारतो, की कोड वाचायचं-पुसायचं साधन तुम्ही मला विकत देता का, आणि देत असाल तर ते बिलावर लिहा. विक्रेता पोरगं आधी हसतं, मग आत साहेबाला विचारायला जातं. एका ठिकाणी साहेब बाहेर आले आणि म्हणाले, “ते तुमच्या काय कामाचं?” दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, “लिहून नाही देता येत, पण अडचण आली तर मला पर्सनल फोन करा.” त्यांचा नंबर घेतला. आठ महिन्यांत त्यांची बदली झाली.

सोलारचं मात्र थांबून चालणार नाही. आमच्या गावातल्या अकरा पंपवाल्यांनी मिळून एक अर्ज केलाय: देखभालीची मुदत संपायच्या आत पेटीचा पासवर्ड, जोडणीचा नकाशा आणि कोडांची यादी आम्हाला लेखी मिळावी, आणि गावच्या दोन रिवाइंडिंगवाल्यांना पुरवठादारानं एक दिवस शिकवावं. अर्ज मीच लिहिला, सह्या आणि दोन अंगठे घेतले, कचेरीत नेऊन दिला. कारकुनानं तो दोनदा वाचला, कुठल्या टेबलाचा आहे ते त्याला कळेना. शेवटी त्यानं शिक्का मारून पोच दिली. पोच माझ्याकडं आहे. दर सोमवारी आम्ही दोघं-तिघं जाऊन विचारून येतो.